दिव्यांच्या फोटोतली चादर

माझ्याकडे दिव्यांचे तीन अल्बम आहेत. टांगते दिवे, भिंतीवरचे दिवे, पितळेचं पातेलं पालथं टांगल्यासारखे दिवे, सगळे ह्यांच्या हातचे. आणि ह्यांचा म्हणून धड एक फोटो घरात नाही. हार घालून लावलाय तो कारखान्याच्या पासवरचा, मोठा करून घेतलेला. त्यात माझा नवरा असा बघतोय, जणू कुणी दरडावून उभं केलंय. हे असे नव्हतेच हो. हसायचे तेव्हा डोळे पार मिटायचे. तो हसरा चेहरा मला एकदा, एकदाच, बघायचाय.

नव्वदच्या दशकात आम्ही राजाजीनगरात दोन खोल्यांत राहायचो. मूळचे निपाणीकडचे. हे कारखान्यात इलेक्ट्रिशियन, पण जीव सगळा जुन्या दिव्यांत. जयनगरला एखादं जुनं घर पाडायला काढलं की हे तिथे हजर. मग काळे ठिक्कर पडलेले, चेपलेले पितळी दिवे आमच्या घरी यायचे. हे त्यांचे पोचे काढायचे, मी चिंच-मीठ लावून घासायची. आतली कुजलेली वायर काढून हे नवी ओवायचे, होल्डर बदलायचे आणि रविवारी कोरमंगलाला कुणाच्या तरी नव्या घरात छताला लावून यायचे. शिडीवरून उतरल्यावर बटण मात्र स्वतः दाबायचे नाहीत, त्या घरच्या बाईला दाबायला लावायचे.

दिवा आमच्या घरातून निघण्याआधी त्याचा फोटो काढायचा, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. ते काम माझं. भावाने दिलेला जुना कॅमेरा होता आणि त्याच्यापायी मी मुलखाची हेकट झाले होते. घासलेलं पितळ म्हणजे आरसाच. खिडकी दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात, माझा गबाळा अंबाडाही दिसतो. त्यावर मी युक्ती काढली. एका जुन्या पांढऱ्या चादरीला मधोमध भोक पाडलं. त्यातून कॅमेऱ्याची नुसती लेन्स बाहेर काढायची, आणि हे माझ्यामागे स्टुलावर उभे राहून चादर वर धरायचे. मग पितळेत पांढऱ्याशिवाय काही दिसायचं नाही. हात वर करून हे उभे आणि खाली माझ्या तोंडाचा पट्टा सुरू, हलू नका, खोकू नका, चादर खाली आली. कामावरून दमून आलेला माणूस तो. पण कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत उभा राहायचा.

एकदा ती चादर निसटली, तीही मी नेमकं बटण दाबताना. फोटो धुऊन आला तर पितळेच्या पोटात ह्यांचा चेहरा! नाकाचा भोपळा झालेला, डोळे मिटलेले, खदखदून हसतायत. हे म्हणाले, हा मला दे, पाकिटात ठेवतो. माझं मात्र डोकं फिरलेलं, कारण दिवा गिऱ्हाइकाकडे गेला होता आणि त्याचा दुसरा फोटो मिळणार नव्हता. मी तो टराटरा फाडला आणि निगेटिव्हसकट बंबात घातला. संध्याकाळी चहा पिता पिता हे एवढंच म्हणाले, "अगं, रिळात एखादा उरला तर माझा काढ की."

"तुमचं तोंड कोण छताला टांगणार आहे?" मी म्हटलं.

हे हसले, मीही हसले. चेष्टाच होती ती. दोन वर्षांनी कारखान्याच्या जिन्यावर दम लागला म्हणून हे टेकले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर मी अल्बम घेऊन खिडकीशी बसले, ह्यांचंच भिंग डोळ्याला लावून. म्हटलं, कुठेतरी चादर हलली असेल, कुठेतरी कपाळ, कान, काहीतरी आलं असेल. छे. माझंच काम ते, चोख. प्रत्येक दिव्यात नुसतं पांढरं आणि मधे बारीक काळा ठिपका, तो माझा कॅमेरा. तिसऱ्या अल्बमच्या अर्ध्यावर आले तेव्हा दिसलं, पांढऱ्याच्या वरच्या कडेला काहीतरी आहे. बोटं होती ती. चादर धरलेली, इकडे चार, तिकडे चार. एका बोटाला काळी टेप गुंडाळलेली. कापलं की हे पट्टीऐवजी वायरीची टेपच लावायचे, मी किती बडबडायची त्यावरून. मी पुन्हा पहिला अल्बम उघडला. तिथेही बोटं. ज्या ज्या दिव्यात नीट बघितलं, त्या त्या दिव्यात.

त्यातला एक फोटो चौकातल्या स्टुडिओत मोठा करायला नेला. तिथला माणूस भिंगातून बघून म्हणाला, अक्का, स्वल्प दिसेल, पण बोटंच दिसतील. मी म्हटलं, करा.

तो फोटो आता हाराच्या फोटोशेजारी लावलाय. येणाऱ्यांना दिवा दिसतो, वा म्हणतात. मला त्या चादरीमागे हात वर करून उभा असलेला माणूस दिसतो. तो तिथे हसतही असेल, मी मागे वळून कधी बघितलंच नाही. इतक्या दिव्यांचे फोटो काढले मी, आणि एकदाही तोंडातून निघालं नाही की अहो, ठेवा ती चादर खाली आणि जरा इकडे बघा.