तुला काय, तुला येतंच

नव्वदच्या दशकात आमच्या सिडकोतल्या घरात एकाच वर्षी दोघं दहावीला होतो. दहावीचं वर्ष मात्र एकाचंच होतं. माझं नव्हे, आत्याच्या मुलाचं.

घोटीत बरे क्लास नाहीत म्हणून आत्याने त्याला जूनमध्येच आमच्याकडे आणून ठेवलं. "वैनी, पोराचं धावीचं वरीस हाय. गणितात लय कच्चा हाय. जरा बघा," एवढंच ती म्हणाली आणि सगळं घर कामाला लागलं. आतली खोली टेबलासकट त्याला मिळाली. केबल काढून टाकली. रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलून त्याच्या हातावर ठेवायचे, आणि सोलायचे मी. एकदा विचारलं, "मला?" तर आई म्हणाली, "तुला कशाला? तुला येतंच की."

हे 'येतंच की' ज्या कुणी शोधून काढलं, त्याचं वाटोळं होवो! येतं म्हणजे काय आभाळातून पडतं? मला गणित येत होतं, कारण मी ते बसून सोडवत होते. मला दीडशेपैकी दीडशे हवे होते. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "मिळतील तुला, पण भूमितीत तुला वेळ पुरत नाही. घड्याळ लावून पेपर सोडव." बस, तेवढंच माझं मागणं. एक अख्खा पेपर, एका बैठकीत, कुणीही हाक न मारता.

तो मला मिळाला नाही. ओट्याजवळ चटईवर बसून घड्याळ समोर ठेवलं, की कुकर बघ, दळण आण, पाहुण्यांना पाणी दे. ते संपलं की खोलीचं दार उघडून तो यायचा, "हे एवढं एकच सांग ना." ते एक करता करता धडा संपायचा. तो बिचारा वाईट नव्हता. माझा राग त्याच्यावर नव्हताच.

परीक्षेच्या तोंडावर एका दुपारी कंपास घेऊन गच्चीत गेले. पहिली रचना पुरी होते न होते तोच खालून आईचा आवाज, "वर आहेसच तर पापडांवरचे कावळे हाकल गं!" रडावं की कंपास फेकून मारावी, कळेना. कावळे हाकलले.

भूमितीच्या पेपरात शेवटची रचना अर्धी राहिली. येत होती. पेन्सिल कागदावर टेकलेली असतानाच घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी पेपर ओढून घेतला.

निकालात मला एकशे बेचाळीस, त्याला ऐंशीच्या घरात. आत्या पेढे घेऊन आली. त्याच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. "पोरानं लय कष्ट घेतले," म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला. बाबांनी शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितलं, "आमची तर अभ्यास न करता!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला करायचा होता. तुम्ही करू दिला नाहीत."

सगळे हसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, किती साधी पोर!" माझे आठ मार्क कुठे गेले, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

जाता जाता आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "त्याला हितंच कालेजात घालतोय. बारावीचं गणित बी तूच बघ बाई. तुला काय, येता-जाता सांगशील."

"आत्या, बारावीचं वर्ष माझंही असेल."

आईने चपापून माझ्याकडे पाहिलं. आत्या मात्र अगदी मायेने म्हणाली, "कोण नाय म्हनतंय? पन तुझं काय गं, तुझं तर झाल्यातच जमा."