मळखाऊ रंग

रंगाच्या दुकानात गेलं आणि दुकानदार म्हणाला, "हा घ्या वहिनी, मळखाऊ आहे," की आजही माझं डोकं फिरतं. बिस्किटी, वाळूचा, राखी, दूध जास्त झालेल्या चहाचा. सगळे सभ्य रंग, कोणाच्या डोळ्यांत न खुपणारे. हल्ली त्यांना न्यूट्रल म्हणतात. म्हणा बापडे. मला त्यांचं जुनं नाव पुरतं.

मी पेडण्यातली, कोरगावची. गोवा राज्य झालं त्याच्या आगेमागे लग्न होऊन डिचोलीत आले. सासरचं घर खाणीवरून नदीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. पाऊस सरला की खनिजाचे ट्रक सुरू व्हायचे ते पुढच्या पावसापर्यंत, एकामागून एक, वर ताडपत्रीचं नाव नाही. तुळशीवर तांबडी धूळ, वाळत घातलेल्या लुगड्यांवर तांबडी धूळ. पाववाला पोदेर सकाळी उंडे देऊन गेला की ते झटकून खायचे. जनेल, म्हणजे खिडकी, उघडायची तर बातच नको. आणि नवरा त्याच खाणीच्या ऑफिसात कारकून! म्हणजे घरात धुळीबद्दल बोलायचीही चोरी. "पोट त्यांच्यावर आहे आपलं," एवढं बोलून तो पानावरून उठायचा.

मुलगी चालायला लागली आणि तिची छाती वाजायला लागली. शिट्टीसारखी. खोकून खोकून पोर निळी व्हायची. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, पण हिला धुळीतून बाहेर काढा." बाहेर काढा म्हणे! घर काय डोक्यावर घेऊन फिरू?

रस्त्यावरच्या बायकांना गोळा केलं. ट्रक डोंगराच्या कडेने, घरं नाहीत तिथून न्या, एवढंच मागणं होतं. अर्ज लिहायला पुरुष बसले, तर अर्ज मराठीत की कोकणीत यावरच जुंपली. राजभाषेचं भांडण तेव्हा ताजं होतं. घरात सगळे कोकणी बोलणारे, शाळा मराठीत शिकलेले, आणि एकमेकांच्या अंगावर धावून जायला निघाले. मी दारातून ओरडले, "मेल्यांनो, पोर काय भाषा बघून खोकते?" शेवटी दोन अर्ज गेले. दिवाळीनंतर पणजीहून सरकारी साहेब येऊन स्वतः पाहणी करतील असं उत्तर आलं. आता आपलं राज्य, पणजीत आपली माणसं, ऐकणारच. असं मला तेव्हा वाटायचं.

गणेशचवथीच्या आधी आमच्याकडे घरोघरी भिंती रंगवतात. त्या वर्षी खाणवाल्यांना अचानक आमच्या देवाचा पुळका आला. चवथीची भेट म्हणून रस्त्यालगतच्या सगळ्या घरांना रंग फुकट आणि रंगारीही त्यांचाच. नवरा रंगांचं कार्ड घेऊन घरी आला, मोठा मान मिळाल्यासारखा. सासू, तो आणि मी सोप्यावर बसून बघायला लागलो. कार्डाचं एकच पान दिलं होतं. त्यावर एकजात मातकट बिस्किटी छटा.

"पांढरा कुठे आहे?" मी विचारलं.

बेळगावकडचा रंगारी पायरीवर बसला होता. तो भाबडेपणाने म्हणाला, "पांढरा कशाला बाई? ह्यो घ्या की. मळखाऊ हाय. धूळ बसली तरी दिसत न्हाई बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धूळ बसली तरी दिसत नाही! दिवाळीनंतर साहेब काय बघायला येणार होते मग? मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कार्डातली छटा बोटाने पुसून बघत होता. मला वाटतं त्याला कळलं होतं. आजही तो नाही म्हणतो.

"आम्हाला हा रंग नको," मी म्हटलं.

"अगो, देवाच्या निमित्तान दिल्लें परत करतात?" सासू म्हणाली. "अपशकून तो."

ठीक आहे. मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. चवथीला माझ्या माहेराहून दरवर्षी वजें यायचं. टोपलीभर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, नारळ, काकड्या. माहेरचं वजें परत पाठवायची किंवा कोपऱ्यात टाकून द्यायची छाती आमच्याकडे कोणाची होत नाही. मी भावाला निरोप धाडला, या वर्षी नेवऱ्या नकोत, चुना आण. शिंपल्यांचा, भट्टीचा. भाऊ म्हणाला, तुला वेड लागलंय का? पण गोणी घेऊन आला. सासूने कपाळावर हात मारला आणि गोणीला हळदकुंकू लावलं.

घराला मळखाऊ रंग लागला. रस्त्यासमोरची भिंत मात्र मी चुन्याने रंगवली, स्वतः, पदर खोचून, किंचित नीळ घालून. अशी पांढरी झाली की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. शेजारणी हसल्या. नवरा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. न बोलेना का!

दसऱ्यानंतर ट्रक सुरू झाले आणि भिंत माझ्या मनासारखी घाण व्हायला लागली. आधी गुलाबी झाली, मग विटकरी. दिवाळी आली, तुळशीचं लग्न झालं, मी भिंतीला फडकं लावू दिलं नाही. बाकीची घरं बिस्किटी, देखणी, जशी काही धूळ त्यांच्याकडे फिरकतच नव्हती. ती आमच्याकडे तेवढी दिसायची. मुलीची छाती तोवर आणखी बिघडली होती. उताणी झोपायची नाही, माझ्या खांद्यावर बसून झोपायची. मी मनात म्हणायचे, थोडी कळ काढ गो बाय, साहेब येऊन भिंत बघू दे.

साहेब दुपारी येणार असा निरोप आला. मी सकाळी मुलीला घेऊन म्हापशाला औषधाला जायला निघाले. जाताना घराघरात सांगितलं, आज कोणी केर काढू नका, पाणी शिंपडू नका, आहे तसं दिसू दे. सगळ्या माना हलल्या. सासूचीही.

परत आले तर साहेबांची जीप दारात. लवकर आले होते. रस्त्यावर ट्रकचं नाव नाही, सकाळपासून बंद. आणि रस्ता? शिंपडलेला! दारादारांत रांगोळ्या. बायका काठापदराची लुगडी नेसून उभ्या, केसांत अबोली. मोठा माणूस दारात येतोय म्हटल्यावर आमच्या बायकांचे हात गप्प बसतील तर शपथ. आणि माझी भिंत सासूने धुतली होती. नारळाचं सोडण घेऊन, हात पोचेल तिथपर्यंत घासून घासून. छपराखाली तेवढा तांबडा पट्टा उरला होता.

"हें कितें केलें आई तुमी?" मी किंचाळलेच.

"सायब घरा आयले," ती कुजबुजली. "तांकां उकिरडो दाखोवचो? लोक कितें म्हणटले?" तिचे हात तांबडे झाले होते, बोटं सोलवटली होती. रागाने मला रडू फुटलं.

साहेब सोप्यावर बसून शहाळं पीत होते, नवरा त्यांच्या बाजूला उभा होता. म्हणाले, "घरं छान ठेवलीत तुम्ही लोकांनी. आणि ही दुरंगी कल्पना चांगली आहे. खाली पांढरा, वर तांबडा पट्टा. उठून दिसतो."

मुलगी कडेवर होती तशीच मी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर भिंतीपाशी ठेवलं. "चढा," म्हटलं. "त्या पट्ट्याला हात लावा साहेब." बिचारे चढले, पट्ट्यावरून तळहात फिरवला आणि खाली उतरले. तळहात लालभडक. ते हाताकडे बघत राहिले. त्यांना कळलं, मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांना नक्की कळलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसलं आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "रंग कच्चा दिसतो. हाताला लागतोय. होय ना?"

"तो रंग नाही," मी म्हटलं. "सांगा ना त्यांना, तो रंग नाही."

माझा नवरा पट्ट्याकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. "होय सर," तो म्हणाला. "यंदाचा रंगारी बरोबर नव्हता."

जीप गेली. संध्याकाळच्या आत ट्रक सुरू झाले. मुलीला माझ्या खांद्यावर खोकल्याची उबळ आली, पोर वाकडी झाली, आणि तिच्या बापाने तिला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. मी दिली नाही.