करुणा पडली नाही

आमच्या आळीत करुणाला मागून हाक मारून उपयोग नसायचा. समोर जायचं, हात हलवायचा, तिनं आपल्या तोंडाकडं बघितलं की मग बोलायचं. पहिलीत असताना तिला मेंदूज्वर झाला. पोरगी वाचली, पण दोन्ही कान गेले. तोवर बोलायला शिकलेली होती, म्हणून बोलायची. आवाज जड, शब्द जरा घसरलेले, पण कळायचं.

घर मूळचं इनामगावचं. वडील चांगदेव रांजणगावच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले, तशी सगळी शिरूरला आली आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहिली. माझं शिलाईचं दुकान आहे. माझी शितल आणि करुणा एका वयाच्या, एका बाकावर बसणाऱ्या.

नव्वदनंतर आमच्याकडं कराट्याचं वेड आलं. सतीश सर दिवसा कंपनीत मशीनवर असायचे आणि संध्याकाळी समाजमंदिरात क्लास घ्यायचे. पांढरे ड्रेस शिवायचं काम माझ्याकडं, त्यामुळं माझं तिथं जाणंयेणं असायचं. एक दिवस रंभाताई, म्हणजे करुणाची आई, पोरीचा हात धरून तिथं उभी राहिली.

"सर, हिला घ्या."

सर जरा अडखळले. "ताई, सगळं आकड्यांवर चालतं. मी मोजणार, पोरं मारणार. हिला ऐकू येत नाही, कसं जमायचं?"

"म्हनून तर आनलीय. मागनं कोन आलं ते कळत न्हाई तिला. पोरगी मोठी व्हायला लागली, सर. मी कुठं कुठं पुरनार?"

सरांनी तिला मागच्या रांगेत उभी केली. मोजणी सुरू झाली. करुणा कुणाच्या तोंडाकडं बघतच नव्हती, ती सरांच्या खांद्याकडं बघत होती. खांदा हलला की हिचा ठोसा निघायचा. महिना संपायच्या आत सरांनी तिला पुढच्या रांगेत आणलं, कारण मागच्या रांगेतली पोरं सरांऐवजी तिच्याकडं बघून ठोसे मारायला लागली होती.

अडचण आली ती ओरडण्याची. कराट्यात ठोसा मारताना पोटातून एक आवाज काढायचा असतो. करुणानं काढला की पोरं हसायची. तिला हसू ऐकू येत नव्हतं, पण दात दिसत होते. ती गप्प मारायला लागली. मग सरांनी तिचा तळहात तिच्याच पोटावर ठेवायला लावला आणि खुणेनं सांगितलं, इथं धक्का बसला पाहिजे, बाकी कुणाकडं बघू नको. पोरगी घरात पोटावर हात ठेवून ओरडायची. आमच्या भिंतीवरची भांडी हलायची आणि रंभाताई म्हणायची, "आरडू द्या भाऊ, जरा कळ काढा."

सतीश सर एका मोठ्या संघटनेत होते. त्या संघटनेचे एक ग्रँडमास्टर होते. त्यांचं नाव निघालं की सर हात जोडायचे. कारण ग्रँडमास्टरांना 'ची' अवगत होती.

"ची? कुणाची?" रंभाताईनं विचारलं.

सर हसले. "कुणाची नाही ताई. ची म्हणजे आतली शक्ती. बेंबीखाली साठते. साधना केली की हाताच्या तळव्यातून बाहेर सोडता येते. हात न लावता समोरचा माणूस पडतो."

"बघितलंय तुमी?"

"मी स्वतः पडलोय. दर कॅम्पला पडतो. पायातला जीवच जातो."

सर खोटं बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळं मीही मान डोलावली.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत दौंडला कॅम्प झाला. शेवटच्या दिवशी एका मंगल कार्यालयात प्रात्यक्षिक होतं. आम्ही आईबाप एसटीनं न्हावरा, चौफुला करत तिथं पोचलो. हॉल भरलेला होता. ग्रँडमास्टर पन्नाशीचे, काळ्या ड्रेसमधले, बोलायला गोड. त्यांनी हवेत तळवा ढकलला की समोरचा पोरगा गादीवर आडवा व्हायचा. टाळ्यांवर टाळ्या. मीही वाजवल्या.

तेवढ्यात दौंडचा एक वार्ताहर उठला. "सर, पोरं तुमचीच आहेत. तुमचा हात बघतात आणि पडतात. यात शक्ती कुठली?"

ग्रँडमास्टर रागावले नाहीत. उलट खूश झाले. "मग डोळे बांधा पोरांचे. आणि मी पाठीमागे उभा राहतो. मग तर झालं?"

प्रत्येक क्लासची एक-दोन चांगली मुलं स्टेजवर बोलावली. सतीश सरांनी शितल आणि करुणाला पाठवलं. करुणा त्यांची सगळ्यात भारी पोरगी होती, तिला मान मिळावा एवढाच हेतू. तिला ऐकू येत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शक्तीला कान लागतात असं त्यांच्या मनात कसं येणार? त्यांनी तिला समोरून सावकाश सांगितलं, "डोळे बांधतील. सरळ उभी राहा. शक्ती आली की अंग सोडून दे." तिनं मान हलवली.

मुलं प्रेक्षकांकडं तोंड करून रांगेत उभी राहिली. पाठीमागं जाड गाद्या. डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. ग्रँडमास्टर गाद्यांच्या मागं गेले, खोल श्वास घेतला, दोन्ही तळवे स्वतःकडं ओढले आणि एवढ्या जोरात "हा!" केलं की खुर्चीत माझ्याही अंगावर काटा आला.

सगळी रांग मागं कोसळली. माझी शितलसुद्धा.

मधोमध करुणा तशीच उभी होती.

ग्रँडमास्टर तिच्या अगदी मागं आले आणि पुन्हा "हा!" केलं. करुणा ताठ. पोरगी वाट बघत होती हो! तिला वाटलं अजून सुरूच झालेलं नाही. तिसऱ्यांदा ते पाय आपटून ओरडले. आता लोक खुसखुसायला लागले. पायाखालची फळी हादरल्याचं तिला जाणवलं असणार, कारण तिनं हळूच पट्टी वर केली. बघते तर आजूबाजूला सगळे आडवे. ती घाबरली. वाकून तिनं शितलच्या दंडाला धरलं आणि तिच्या त्या जड आवाजात विचारलं, "काय झालं? लागलं का तुला?"

असा हशा उसळला की बस्स.

ग्रँडमास्टरांनी माईक ओढला. "या मुलीच्या मनात नकार आहे. नकार असला की शक्ती परत फिरते."

सतीश सर आपल्या जागेवरून उठले. त्यांचा चेहरा पडला होता. "सर, तिच्या मनात नकार नाही. तिला ऐकू येत नाही."

ग्रँडमास्टरांनी माईक पुन्हा तोंडाशी आणला. म्हणाले, "तेच! कान हे द्वार आहे. द्वार बंद, तर शक्ती आत कशी जाणार?"

"म्हणजे शक्ती नाही, आवाज जातो," वार्ताहर म्हणाला आणि खाली बसला.

करुणाला यातलं काहीच कळलं नव्हतं. माईकमुळं ग्रँडमास्टरांचं तोंड दिसत नव्हतं. स्टेजवरून उतरून ती सरळ सरांकडं आली. "सर, माझं चुकलं?"

सरांनी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. परतीच्या एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले. मी शितलला विचारलं, "का गं पडलीस?"

"आप्पा, ढोंग नव्हतं. ग्रँडमास्टर ओरडले आणि पाय गेलेच. खरंच गेले." आणि ती रडायला लागली. मी माझ्या पोरीला ओळखतो. ती खरं सांगत होती.

चार-पाच दिवसांनी सतीश सर पुण्याला ग्रँडमास्टरांकडं गेले. त्यांनी विनंती केली, "माझ्या कानात कापूस घाला, डोळे बांधा, आणि कधी ढकलताय ते न सांगता ढकला. मला पडायचंय, सर. माझा विश्वास आहे." ग्रँडमास्टरांनी त्यांना दारातूनच लावून दिलं. गुरूची परीक्षा घेतोस का, म्हणाले.

परत आल्यावर संध्याकाळी सरांनी क्लासच्या पोरांना रांगेत उभं केलं. मी ड्रेसची मापं घ्यायला आलो होतो. करुणाला त्यांनी माझ्या शेजारी बसवलं. पोरांना सांगितलं, "मला ग्रँडमास्टरांनी ची दिली आहे." डोळे बांधले. मागं जाऊन खोल श्वास घेतला आणि "हा!" केलं.

निम्म्याहून जास्त पोरं खाली.

सर मटकन जमिनीवर बसले. "अरे, माझ्यात कसली आलीय शक्ती? मी आज मशीनवर उभ्या उभ्या डुलक्या घेत होतो!"

करुणाला हसू आवरेना. पोरांनी पट्ट्या काढल्या आणि त्यांनाही हसू फुटलं. सरांनी त्यांना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. म्हणाले, "तुम्ही खोटं पडला नाहीत, मीही नव्हतो पडत. गुरूवर भरवसा असला की अंग ऐकतं. पण रस्त्यावर अंगावर येणारा माणूस काही आपला शिष्य नसतो. तो नाही पडणार." मग करुणापुढं बसून तिला दिसेल असं सावकाश बोलले, "तुझं चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

ग्रँडमास्टर लबाड होते असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं माणसं पुढ्यात पडत गेली, त्यांचाही विश्वास बसला असेल. पण सतीश सरांनी त्या संघटनेचा काळा पट्टा परत पाठवला. क्लास निम्मा रिकामा झाला. ज्याला स्वतःचा पट्टा नाही तो काय शिकवणार, असं आईबाप म्हणाले. रंभाताई मात्र रोज करुणाला घेऊन येत राहिली. "मला तो मानूस पटला," ती म्हणायची. "आपलं चुकलं म्हनायला छाती लागती."

सरांनी पुण्याच्या दुसऱ्या एका संस्थेत नाव घातलं. तिथं हवेतलं काही नव्हतं, रोज समोरासमोर फाइट. त्या लोकांनी सांगितलं, तुमचा जुना पट्टा आम्ही धरत नाही, खालून सुरू करा. सर तयार झाले. बायको-मुलं असलेला माणूस, आणि करुणाच्या बरोबरीनं पांढरा पट्टा बांधून पोरांच्या रांगेत उभा राहिला!

यवतच्या शाळेच्या मैदानात पहिली स्पर्धा झाली. पंचांनी "यामे" म्हटलं की थांबायचं असतं. करुणा थांबली नाही, तिला कळलंच नाही, आणि पंचांनी तिला बाद केलं. परतीच्या एसटीत ती डोळे मिटून बसली. दुसऱ्या दिवशी सर पंचांना जाऊन भेटले. "तोंडानं सांगू नका साहेब, दोघींच्या मध्ये हात घाला." पंच भला माणूस. पुढच्या वर्षी त्यानं मध्ये हात घातला, आणि करुणानं समोरच्या पोरीचा एकही ठोसा स्वतःला लागू दिला नाही. तिला त्या पोरीच्या कमरेच्या हालचालीवरून सगळं आधीच दिसायचं. शेजारचे म्हणायला लागले, ही खरी शक्ती. करुणा चिडायची. "शक्ती नाही. बघते मी. रोज बघते."

दोन हजार तीन साली पुण्यात ब्लॅक बेल्टची परीक्षा झाली. करुणा आणि सतीश सर शेजारी शेजारी उभे होते. दोघांचे ड्रेस मीच शिवलेले. चांगदेवनं आयुष्यात पहिल्यांदा कामावर खाडा केला होता. काताच्या, म्हणजे एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचालींच्या शेवटी करुणानं जो आवाज काढला, तो ऐकून कागदावर मान घालून बसलेल्या परीक्षकानं डोकं वर केलं. आता कुणी हसलं नाही. रंभाताईनं पदर तोंडाला लावला.

निकाल लागला. दोघं पास. आधी करुणाचं नाव पुकारलं. तिला ऐकू आलं नाही, म्हणून सरांनीच समोर जाऊन हात हलवला आणि पुढं हो म्हणून खूण केली. तिच्यानंतर त्यांचा नंबर आला.

आता करुणा दौंडला मुलींचा क्लास घेते. एसटीतून उतरली की ओळखीच्या मुली तिच्या पुढं येऊन हात हलवतात. सतीश सरांना कुणी विचारलं, ही तुमची विद्यार्थिनी ना, तर ते म्हणतात, "होती. मग आम्ही बरोबरच ब्लॅक बेल्ट झालो." हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे तेज येतं, ते मी दुकानात बसून पुष्कळदा बघितलं आहे.