पंधरा दिवसांसाठी आलेले सर

शिक्षकांच्या खोलीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. पांढरकवड्याला मी गणित शिकवायचो, तेव्हाचे माझ्याकडचे निम्मे किस्से तोलाराम सरांचे. फाळणीत सिंधमधून आलेले, शांत, इंग्रजी पक्कं. हसण्यासारखे किस्से म्हणूनच ते सांगायला बसतो.

सर रुजू झाले छप्पन साली. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' म्हणून त्यांनी सिंधमधल्या शिकारपूरची गल्ली लिहिली. हेडमास्तर म्हणाले, "अहो, तिथं आता दुसरेच राहत असतील."

"राहू द्या ना. पत्ता तर माझाच आहे!"

*

शाळेत झाडं लावायची होती. कुणी आंबा लावला, कुणी कडुनिंब. सरांनी मेथी पेरली! "आंबा येईपर्यंत मी इथं कुठं राहतो? घरी पंधरा दिवसांत येतो म्हणून सांगून निघालोय."

आमच्या शाळेचे शिपाई मारोतराव केळापूरचे, शेतकरी गडी. ते म्हणाले, "सर, घर सोडून धा वर्षं होऊन राह्यले. तवाच आंबा लावला असता, त आता खाल्ला असता ना जी."

सर खूप हसले. पुढच्या वर्षी पुन्हा मेथीच.

*

मारोतरावांनीच एकदा विचारलं, "पण घर सोडलं काहून?"

"गाड्या भरभरून लोक आले. त्यांची घरं जळाली होती. त्यांना घर पाहिजे होतं, आणि आमच्याकडे घर होतं."

"त्यायचे घरं कोनं जाळले?"

"इकडच्यांनी."



*

सरांची म्हातारी आई घर सोडायला तयार नव्हती. शेजारचे गुलाम रसूल म्हणाले, "तू जा, आईला मी बघतो." त्यानंतर काही खबर नाही. आम्ही परस्पर ठरवून टाकलं की ती गेली असणार. संस्कृतचे जोशीबुवा भिक्षुकीही करत. त्यांनी सर्वपित्रीला सरांना घरी बोलावून पाट मांडला. तीळ मी नेले होते.

पाट बघून सर उभेच राहिले. "बुवा, ती आत्ता जेवत असेल हो."

त्या तिळांची मला अजून लाज वाटते.

*

पासष्टच्या उन्हाळ्यात गुलाम रसूलच्या मुलाचं पत्र आलं. मग लढाई पेटली आणि टपाल बंद पडलं. पत्रात काय होतं, ते सरांनी कुणाला सांगितलं नाही.

सर्वपित्रीला सर आपणहून जोशीबुवांकडे आले, अंघोळ करून, तांदूळ-तीळ घेऊन. मी तिथंच होतो. बुवांनी हळूच विचारलं, "आई गेल्या?"

"नाही. आई बरी आहे. त्या मुलाकडेच आहे."

"मग कुणाच्या नावानं करायचं?"

"गुलाम रसूलच्या."

बुवांनी पाणी सोडायला पळी उचलली. त्यांनी विचारलं, "गोत्र?"

सर म्हणाले, "माझंच लावा."