रंगाऱ्याची रोजची हजेरी

ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणत. दूधवाल्याच्या मापापासून नवऱ्याच्या सर्दीपर्यंत तिचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. काम मात्र स्वभावाला साजेसं मिळालं होतं. पॅरोलवर कुणाला सोडावं हे ठरवताना संगणक प्रत्येक कैद्याला धोक्याचे गुण द्यायचा. ते गुण पुढे खरे ठरले का, हे तिने तपासायचं.

निकाल झकास होता. जास्त गुणवाले बहुतेक सगळे पुन्हा गजाआड आले होते.

"आता तरी मशीनवर विश्वास ठेवा, बाई," साहेब म्हणाले.

"इतकं छान जुळतंय, तेच खटकतंय."

परत आलेल्या एका रंगाऱ्याला ती तुरुंगात जाऊन भेटली.

"बाहेर काय केलंस?"

"हजेरी चुकली, ताई. दोनदा."

"चुकवलीस म्हण."

"मी धोकादायक ना, म्हणून मला रोज चौकीत बोलवायचे. काम पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. माझ्यासोबत सुटला त्याला महिन्यातून एकदाच जायचं होतं."

बोलण्यात पटाईत आहे, तिला वाटलं. त्याला खोटं पाडायलाच ती त्याच्या कंत्राटदाराकडे गेली.

"रोज शिडीवरून उतरून पळत सुटायचा, हातही न पुसता," कंत्राटदार म्हणाला. "त्या दोन दिवशी मीच अडवलं. भिंत अर्धी राहिली होती."

मग तिने सोबत सुटलेल्या, कमी गुणवाल्या माणसाला गाठलं. हजेऱ्या त्यानेही बुडवल्या होत्या. "फोन केला, तर म्हणाले, पुढच्या वेळी या," तो हसत म्हणाला.

ज्याच्यावर डोळा ठेवला, त्याच्याच चुका सापडत होत्या, आणि त्याच चुका मशीनच्या यशात जमा होत होत्या.

तिने हे मांडल्यावर साहेब भडकले. "त्या रंगाऱ्याचा पुळका आलाय का?"

"त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्याने पुन्हा गुन्हा केला असं आपण धरलंय, आणि त्याने तो केलेला नाही."

पॅरोल देणाऱ्या मंडळाने कुरकुरत का होईना, नुसत्या चुकलेल्या हजेरीला गुन्हा धरणं थांबवलं. पुन्हा मोजल्यावर मशीनचा निम्मा रुबाब उतरला. रंगारी सुटला.

आभार मानायला तो ऑफिसात आला. तिने त्याला खुर्ची दिली आणि टेबलावरची पर्स हळूच खणात सरकवली. ते त्याला दिसलं.

"निघतो, ताई," म्हणत तो न बसताच जिना उतरला. तिने पर्स खणातून काढून पुन्हा टेबलावर ठेवली.