पाणी न घेण्याचा नियम

ख्रिस्ती नेतृत्व हा विषय मी दर शनिवारी वर्गाबाहेर शिकवायचो. वर्गात शिकवलं की पोरं वहीत रेघा ओढतात आणि परीक्षेनंतर विसरतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला आमचं छोटंसं प्रशिक्षण केंद्र कासार आंबोलीजवळ होतं. तिथून बारा मुलामुलींना घेऊन मी डोंगरावरच्या एका कातकरी वाडीत जायचो. वाडीचा झरा गाळानं भरला होता. तो उपसून भोवती दगडांचा कट्टा बांधायचा, एवढंच काम.

माझा एकच नियम होता आणि तो मी शिट्टी वाजवून सांगायचो. वाडीत कुणाकडून काही घ्यायचं नाही. चहा नाही, भाकरी नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आपापली बाटली, आपापला डबा. झरा बुजल्यामुळे बायका अर्धा डोंगर उतरून ओढ्यावरनं हंडे आणतात, ते पाणी आपण प्यायचं? शिवाय सेवेच्या नावाखाली लोकांच्या घरी जेवणं झोडणारे पुढारी मी भरपूर पाहिले होते. या नियमाचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या शनिवारी एक विद्यार्थिनी कामावर दिसेना. सोलापूरकडची, कमी बोलणारी. शोधत गेलो तर ती एका म्हातारीच्या दारात स्टीलच्या पेल्यातून पाणी पीत होती. मी तिला सगळ्यांदेखत झाडलं.

"सर, आजींनी दिलं. नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणता येणं, हेच नेतृत्व," मी म्हणालो. वाक्य मला इतकं आवडलं की सोमवारी वर्गात पुन्हा ऐकवलं. तिच्या अहवालात शेराही मारला: नियम पाळत नाही, नेतृत्वगुण दिसत नाहीत.

पण मला चैन नव्हतं. वाडीतलं कुणीच कामाला हात लावत नव्हतं. लांब बसून बघायचे आणि आम्ही जवळ गेलो की उठून जायचे. पावसाळा तोंडावर आलेला, कट्टा अर्धवट. मी सारखा घड्याळ बघायचो आणि पोरांवर खेकसायचो.

पाचव्या शनिवारी वर पोचलो, तर झऱ्याची वाट काट्या टाकून बंद केलेली. डोकंच फिरलं माझं. "यांच्यासाठी आपण घाम गाळतोय आणि हे काट्या लावतात! उचला घमेली, परत जायचं." पोरं घमेली गोळा करू लागली. ती मुलगी मात्र मला न विचारता म्हातारीच्या घराकडे निघाली. मी तणतणत तिच्या मागे गेलो, पुन्हा झाडायलाच.

म्हातारी दारातच बसली होती. माझ्याकडे न बघता बोलली, "तुमी आमच्या घरचं पानी पेत न्हाई. पोरान्ला बी पिऊ देत न्हाई. ही पोरगी प्याली तर तिला कावलात, समद्या वाडीनं बगितलं. आमचा इटाळ व्हतोय, तर आमच्या झऱ्यात हात कशापायी घालताय?"

माझ्या आजोबांना त्यांच्या गावात पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून सोडलेलं. भांड्याला हात लावायची सोय नव्हती. त्या रागापायीच ते गाव सोडून मिशनच्या आवारात राहायला आले. आमच्या घरातल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट पाठ होती. आणि प्रभूनं विहिरीवर, जिच्या हातचं पाणी त्याचे लोक पीत नसत अशा बाईकडे, स्वतःहून पाणी मागितलं, हा धडा तर मी दर वर्षी शिकवायचो. मग चार शनिवार शिट्टी वाजवून मी या लोकांना काय सांगत होतो? मला तिथल्या तिथं स्वतःची लाज वाटली.

खुलासा करायला गेलो असतो तर दहा मिनिटं बोलत बसलो असतो, सवयच ती. मी एवढंच म्हणालो, "आजी, प्यायला पाणी देता?"

म्हातारी उठून आत गेली. पेला भरून बाहेर आली, पण तो माझ्यापुढे धरला नाही. मुलीकडे बघून तिनं विचारलं, "हे पितील का गं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. खाली पोरं घमेली घेऊन खोळंबली होती. मी घाईनं हात पुढे केले आणि बघतो तर दोन्ही हातांची ओंजळ झालेली.

"वंजळ कशापायी?" म्हातारी म्हणाली. "भांडं धरा की, मास्तर."

मी पेला धरला, तोंडाला लावला.