समुद्राकडे पाठ करून बोलणारी माणसं

तिच्या गावाचा मला पहिल्यापासूनच संशय होता. इतकं गुणी गाव कुठे असतं का?

ती म्हणजे आमच्या क्लिनिकमधली फिलिपिनो नर्स. इथे आखातात, सबाह अल-सालेमला आमचं क्लिनिक. मी तिथे लॅबमध्ये रक्त काढते, ती शेजारच्या खोलीत ड्रेसिंग आणि इंजेक्शनं बघायची. राहायलाही आम्ही अबू हलीफाला एकाच इमारतीत होतो, मी नवऱ्याबरोबर आणि ती वरच्या मजल्यावर दुसऱ्या नर्सेसबरोबर. सकाळी क्लिनिकची व्हॅन दोघींना एकदमच उचलायची. ती मला ‘आते’ म्हणायची. त्यांच्या भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. हे मी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो अम्गरा भागातल्या वर्कशॉपमधून नुकताच घरी आला होता. बूट काढता काढता म्हणाला, “कोणाची गो आत्या झालंस तू?”

व्हॅनमध्ये ती गावाबद्दल बोलायची. एका लहानशा बेटावरची नगरपालिका, पण नगर म्हणावं असं तिथे काहीच नाही. नारळाची झाडं, भातशेती, मध्ये एक टेकडी. चौकात फिकट पिवळ्या रंगाची नगरपालिकेची इमारत, समोर चर्च, बाजूला पत्र्याच्या छपराखाली बास्केटबॉलचं मैदान. समुद्र शांत असेल तर बोट येते, नसेल तर भाजीही येत नाही आणि वर्तमानपत्रही. दुपारी पालिकेतले कारकून टेबलावर डोकं ठेवून झोपतात आणि त्यांना कोणी उठवत नाही. निम्म्या वाड्या टेकडीपलीकडे, निम्म्या किनाऱ्याला. तिचं घर अगदी किनाऱ्यावर होतं. बांबूची जमीन, खाली कोंबड्या, आणि मागच्या दारातून चार पावलांवर वडलांची होडी. वडील गेल्यावर ती होडी भाऊ चालवायचा. आई घरी.

मी कोकणातली. किनाऱ्यावरच्या गावात काय काय चालतं ते मला कोणी शिकवायला नको. मी विचारायची, “पाणी कुठून येतं? पालिकेत निवडून कोण येतं?”

“मेयर,” ती म्हणायची. “आधी त्याचे वडील होते. मध्ये त्याची बायको होती. मैदानावर त्याचं नाव आहे, अँब्युलन्सवर त्याचा फोटो आहे.”

“आणि लोक काही म्हणत नाहीत?”

“म्हणतात ना. घरात म्हणतात.”

हे ऐकल्यावर मला ते गाव थोडं खरं वाटायला लागलं.

दर शुक्रवारी ती घरी व्हिडिओ कॉल करायची. खोलीतल्या बाकीच्या मुली सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपतात म्हणून ती फोन घेऊन आमच्या स्वयंपाकघरात यायची. मी भाजी चिरायची, ती टेबलापाशी बसून बोलायची. मला भाषा कळत नसे, पण स्क्रीनवर दिसायचं. भाऊ आणि आई शेजारी शेजारी, मागे समुद्र. भाऊ फोन हातात धरायचा. आई हसायची, हात हलवायची. दहा-पंधरा मिनिटांत फोन बंद.

एका शुक्रवारी फोन बंद झाल्यावर ती तशीच बसून राहिली.

“आते, तुला काही वेगळं दिसलं?”

“काय?”

“आईच्या पायात बाहेर जायच्या सँडल होत्या. हातात छत्री होती. स्वतःच्या दारात कोणी छत्री घेऊन बसतं का?”

मी विळी बाजूला ठेवली. मग एकेक आठवायला लागलं. गेले कित्येक महिने घराच्या आतलं काहीच दिसलं नव्हतं. चूल नाही, देवाचा फोटो नाही, कोंबड्यांचा आवाज नाही. कायम समुद्र. स्वयंपाकघर दाखव म्हटलं की भाऊ म्हणायचा, आत नेटवर्क येत नाही.

“घर विकलं असेल त्याने,” मी म्हणाले. बोलून गेले खरी, पण इथे राहून असल्या गोष्टी इतक्या ऐकल्यात की मनात पहिलं तेच येतं. माणूस इकडे उन्हात राबतो आणि तिकडे त्याच्या घरात दुसराच कोणीतरी राहायला आलेला असतो.

 त्या दिवसापासून व्हॅनमधल्या गावाच्या गप्पा थांबल्या. आता ती हिशेब केल्यासारखी बोलायची. भावाने होडीबद्दल शेवटचं कधी सांगितलं होतं, आईने शेजारणीचं नाव कधीपासून घेतलं नाही. मीही त्यात भर घालायची. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो वैतागला. “तुका कित्याक नसती पंचायत? तिचो भाव, तिची आवस.”

ऑगस्टात एक बाई क्लिनिकमध्ये आली. एका घरात कामाला होती, इकामाच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कामासाठी तपासण्या करायच्या म्हणून तिची मालकीण तिला घेऊन आली होती. मालकीण बाहेर फोनवर बोलत बसली. मी बाईच्या दंडाला पट्टा बांधत होते, तेवढ्यात नर्स काहीतरी मागायला आत आली, तिने बाईचं बोलणं ऐकलं आणि जागच्या जागी थांबली. बोलण्याच्या हेलावरून तिला कळलं होतं, बाई तिच्याच बेटावरची आहे. दोघी भराभर बोलायला लागल्या. बाईचा चेहरा उजळला होता. मग नर्सने काहीतरी सांगितलं आणि तो चेहरा बदलला. बाईने एक छोटासा प्रश्न विचारला. नर्स जे मागायला आली होती ते न घेताच परत गेली.

बाई गेल्यावर मी विचारलं, “काय म्हणाली?”

“मी म्हटलं, माझं घर किनाऱ्यावरच्या वाडीत आहे. ती म्हणाली, तिकडे आता कोण राहतं?”

तो आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. व्हॅनमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसायची. आई जिवंत आहे हे दिसत होतं, मग लपवलंय काय? मेयरने काही केलंय, भावाने काही केलंय, की दोघांनी मिळून? मला एकीकडे तिची काळजी होती आणि दुसरीकडे उत्सुकताही होती, हे खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी ती आली. फोन लावला. भाऊ आणि आई, मागे समुद्र, आईच्या डोक्यावर छत्री. तिने हसून चौकशी केली आणि मग एकच वाक्य बोलली. भावाचा चेहरा पडला. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने. मागाहून तिने मला सांगितलं, ती म्हणत होती, “फोन दुसऱ्या बाजूला फिरव.”

भावाने आईकडे पाहिलं. आईने होकारार्थी मान हलवली. मग त्याने फोन फिरवला.

जिथे घर असायला हवं होतं तिथे जमिनीत खांबांचे चार खुंट उरले होते. भोवती गवत. पलीकडे तारेचं कुंपण आणि त्यावर एक पाटी. नारळाची झाडंही अर्धी राहिली होती, शेंडे मोडलेली. माणूस एकही नाही.

बराच वेळ आईच बोलत होती. नर्स रडली नाही, फक्त अधूनमधून एकच शब्द म्हणायची, त्याचा अर्थ ‘का’ हे मला नंतर कळलं. फोन ठेवल्यावर तिने सगळं सांगितलं. आदल्या वर्षी मोठं वादळ झालं होतं. तेव्हा घरच्यांनी तिला सांगितलं होतं, पत्रे उडाले, बाकी ठीक आहे. खरं म्हणजे समुद्र घरात शिरून घरासकट होडी घेऊन गेला होता. नंतर पालिकेने किनारा धोकादायक ठरवला आणि सगळ्या वाडीला टेकडीपलीकडे एकसारख्या सिमेंटच्या खोल्यांत नेलं. तिथून समुद्र दिसतही नाही. दर शुक्रवारी दोघं भाड्याच्या मोटारसायकलवरून टेकडी ओलांडून खाली यायची, तिला समुद्र दिसावा म्हणून.

“कल्पना कोणाची होती?”

“आईची. म्हणाली, तुला कळलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस.”

“आली असतीस का?”

“हो.”

मी तिला चहा करून दिला. भावाबद्दल मी जे बोलले होते ते आम्हा दोघींनाही आठवत होतं, पण तिने विषय काढला नाही. तिच्या डोक्यात आता दुसरंच होतं. “आते, धोकादायक आहे तर कुंपण कशाला? समुद्राला कुंपणाने कोण थांबवतं?”

डिसेंबरात ती रजेवर गेली. परत आली ती उन्हाने काळवंडून आणि रागाने भरून. पहिल्याच सकाळी व्हॅनमध्ये तिने सगळं सांगितलं. ती पालिकेत गेली होती. दुपारची वेळ, कारकून झोपलेला. तिने त्याला उठवलं. कुंपणाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, “तुमच्या सुरक्षेसाठी.” शिट्टीवाला पहारेकरी का ठेवलाय म्हटलं तर, “तुमच्या सुरक्षेसाठी.” होड्या किनाऱ्याला का लावू देत नाहीत म्हटलं तर तो म्हणाला, मेयरना भेटा. मेयर गावात नव्हते. बाजारात सगळे दबक्या आवाजात सांगत होते, तिथे हॉटेल होणार, जमीन मेयरच्या भाच्याने घेतली. पण कोणी कागद पाहिला नव्हता, आणि जो तो म्हणायचा, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

“मग तू काय केलंस?”

“किनाऱ्यावरच्या जुन्या वाडीतल्या बायकांना घेऊन चौकात जाऊन बसले. आईसुद्धा आली. छत्र्या घेऊन बसलो, पालिकेच्या पायऱ्यांसमोर. कोणी हाकललं नाही. कोणी बाहेरही आलं नाही. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने होड्यांपुरतं कुंपण उघडलं. कोणाच्या हुकमाने, ते सांगितलं नाही.”

करार संपला तेव्हा तिने तो वाढवला नाही. आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. नवऱ्याने तिची पेटी उचलली आणि हिंदीत म्हणाला, “संभाल के रहना.” ती हसली आणि तिने वाकून माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला नमस्कार असाच करतात.

आता ती त्याच पालिकेच्या आरोग्यकेंद्रात नर्स आहे. हे ऐकून मी सरळ विचारलं, “तुला गप्प बसवायला तर दिली नाही ना ही नोकरी?”

“मलाही तेच वाटतं, आते. म्हणूनच घेतली. केंद्र पालिकेच्या अंगणातच आहे. कोण येतं, कोण जातं, सगळं दिसतं.”

भावाने कर्जावर नवी होडी घेतली. आईला सिमेंटच्या खोलीत अजून झोप लागत नाही, भिंती गरम असतात म्हणते. कुंपण आहे तिथेच आहे. हॉटेल झालेलं नाही.

परवा तिचा फोन आला. बोटीने दोन अनोळखी माणसं आली होती. किनाऱ्यावर तिपाईवर दुर्बीण लावून मोजमाप घेत होती. तिने पालिकेत विचारलं तर उत्तर मिळालं, बोटीचा धक्का दुरुस्त करायचाय.

“खरं असेल,” मी म्हणाले.

“धक्का खरंच मोडलाय,” ती म्हणाली. “पण ती माणसं धक्क्यापासून फार लांब उभी होती.”